डावीकडचा चोक

"सारे कार्बोरेटर काढून इंजेक्शनची गाडी घेतात, काकाजी. तुम्ही उलटं काऊन करून राह्यले?" पिपरी मेघेतल्या गॅरेजात रत्नदीप मिस्त्री हसला.

"मले चोक पाहिजे," रामाजी म्हणाले. "अन् तो बाजूच्या सीटपुढं लावजो."

जुन्या गाडीत थंडीच्या सकाळी ते किल्ली फिरवायचे आणि त्यांची बायको सुलोचना गार इंजिन पेटावं म्हणून चोकची दांडी ओढायची. नंतर घेतलेल्या या इंजेक्शनच्या गाडीला चोकच नव्हता. "आता माह्यं कामच नाई," ती म्हणाली होती. दिवाळीनंतर ती गेली.

गाडी तयार झाली. गारठ्यात रामाजींनी किल्ली फिरवली आणि सवयीनं थांबले. इंजिन नुसतंच घरघरलं. मग रिकाम्या सीटवर कोपर टेकून त्यांनी स्वतःच चोक ओढला. गाडी सुरू झाली. कुठं जायचं, ते त्यांना सुचेना.