तिखो नावाचं गाव

गावाचं नाव तिखो. आमच्या युक्रेनी बोलीत त्याचा अर्थ ‘गप्प बसा’. आणि गाव कसं, तर दोन बाया विहिरीवर भेटल्या की त्यांचं बोलणं स्टेशनपर्यंत ऐकू जावं. कॅनडाच्या या सपाट माळावर अडवायला झाडही नाही, मग आवाज थांबणार कुठे?

मी लग्न होऊन मायदेशातून, गॅलिशियातून, इथे आले तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात भुणभुणत होतं. मला चौकशा फार. दुकानदार मातवीला विचारलं. तो म्हणाला, “पहिले लोक आले तेव्हा इथे लांडगे होते. सगळ्यांची बोलती बंद!” चर्चमध्ये गाणारा प्रोकिप म्हणाला, “लांडगे कसले डोंबलाचे? इथे देवाची शांतता उतरली होती.” दोघंही तेव्हा इथे नव्हते. होती ती माझी सासू, याव्दोखा. आणि ती म्हणायची, “आहे ते आहे. नावाला काय चाटायचंय?”

चौकशीला वेळही उरला नव्हता. माझ्या नवऱ्याला, इल्कोला, शहरात रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि शनिवारी दुपारच्या गाडीने आम्हाला निघायचं होतं. नेमका ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. इंग्रजांचा ईस्टर त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे केव्हाच होऊन गेलेला, त्यांना आमच्या सणाचं काय? मी बोट, आगगाडी, घोडागाडी करत कशीबशी इथवर पोचले होते. ट्रंकेची दोरीसुद्धा अजून सुटली नव्हती. मला कुठ्ठेही जायचं नव्हतं. पण बोलणार कशी? नवी सून, आणि नवरा एवढा खुशीत.

त्या सकाळी सासूने पास्का, म्हणजे सणाचा गोड पाव, करायला घेतला. अंडी-लोणी घालून मळलेली कणीक काथवटीत ठेवली आणि वर शाल पांघरली. ही कणीक फुगत असताना दार आपटायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत. दचकली की बसते.

मी दबक्या आवाजात म्हटलं, “आई, आज मी चालले. आता तरी सांगा.”

ती शालीची कड सारखी करत कुजबुजली, “आम्हाला इथे राहायचंच नव्हतं. तुझे सासरे पुढे त्यांच्या भावाकडे निघाले होते. तिकडची जमीन काळीभोर म्हणे. मी दोरीला गाठी मारून ईस्टरपर्यंतचे दिवस मोजत होते. इथे आलो आणि मी म्हटलं, आज ईस्टरचा शनिवार, कणीक भिजवलीय, आता गाडी हलवायची नाही. त्यांनी घोडे सोडले. मी घरामागच्या या उंचवट्यात पाव भाजायला भट्टी खोदली.”

“आणि नाव?”

“कणीक फुगत होती, तेवढ्यात रेल्वेचा एक मोजणीवाला इंग्रज घोडा दौडवत आला. जोरजोरात काहीतरी विचारायला लागला. मी ओठांवर बोट ठेवून म्हटलं, ‘तिखो!’ मेल्याने टोपी काढून आभार मानले आणि लिहून घेतलं. जागेचं नाव विचारत होता, हे मागाहून कळलं.”

मला हसू आवरेना. मी एप्रनचा बोळा तोंडात कोंबला.

“हस, हस. मग दीर शोधत आले. म्हणाले, ‘वहिनी, ईस्टर पुढच्या रविवारी आहे! ईस्टरपर्यंतचा उपास मोडलात की!’ पण तोवर भट्टी झाली होती. भट्टी काय गाडीत घालून नेता येते?”

“म्हणजे अख्खं गाव तुमच्या मोजण्याच्या चुकीवर उभं आहे?”

तिने एकदा दाराकडे पाहिलं. “चूक कसली? गाठी बरोबर होत्या. मी थकले होते, पोरी. मला आणखी पुढे जायचं नव्हतं. तसं बोलले असते तर ऐकलं असतं कोणी?”

ती शालीखाली हात घालून कणीक चाचपत होती.

“तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही,” ती म्हणाली.

बाहेर घोडागाडीची चाकं वाजली. “तेक्ला! ट्रंक घेऊ का? उशीर होतोय!” ओरडत, बूट आपटत इल्को पायरी चढला.

मी चवड्यांवर चालत दारापाशी गेले. दार बोटभर उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“तिखो!” मी म्हटलं. “कणीक फुगतेय.”

“अजून किती वेळ?”

“लागेल.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या खांद्यावरून त्याच्या आईकडे. तिने मान वर केली नाही. मग तो पायरी उतरला आणि आवाज न करता घोडा सोडू लागला.