गोणीचे कान

निर्मळ गावात सुधाकररावांच्या ओटीवर वाशाला जो वाकडा लोखंडी हूक टांगलेला दिसतो ना, तो मी. हल्ली माझ्या टोकाला केळीचा घड लोंबत असतो, म्हणून येणारेजाणारे मला ‘केळ्यांचा हूक’ म्हणतात. म्हणोत बापडे! मित्रांनो, माझी जवानी बोटींच्या पोटात गेली आहे. साखर, डाळ, खत, काय म्हणाल ते मी उचललंय. आणि एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली होती. ती आज सांगून टाकतो, म्हणजे गंजायला मोकळा.

चांदीप गावच्या एका लोहाराने मला घडवलं. जुन्या बैलगाडीच्या आसाचा तुकडा भट्टीत लाल केला, ठोकून वाकवला आणि टोक असं तासलं की बोट लावायची सोय नाही. मूठ बाभळीची. सुधाकर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. घरची वाडी होती, केळी होती, फुलं होती, पण भाऊ चार आणि वाडी एक. म्हणून हा बंदरात मजुरीला लागला. पहिल्या दिवशी त्याने मला कमरेला अडकवलं तेव्हा माझी छाती, म्हणजे जे काही मला आहे ते, फुगून आली होती.

बंदरात तेव्हा माल सुटा यायचा. आताचे ते लोखंडी डबे, ज्यांना कंटेनर म्हणतात, ते नुकतेच दिसू लागले होते. बोटीच्या पोटात गोण्यांच्या थप्प्या असायच्या. मजुरांनी गोण्या ओढून दोरखंडाच्या झोळीत रचायच्या, मग क्रेन ती झोळी वर घ्यायची. घाम, धूळ, ताग आणि साखरेचा तो वास! अजून आठवला की जीव कासावीस होतो. टोळीतले लोक एकमेकांना शिव्या देत आणि एकमेकांच्या जेवणाच्या डब्यातलं खात. खंडेनवमीला सगळे हूक एका पाटावर मांडून आम्हाला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि पेढा. पेढा अर्थात माणसंच खायची.

आता ऐका. साखरेच्या गोणीवर एक चित्र छापलेलं असे. माझंच चित्र, आणि त्यावर मोठी फुली! म्हणजे ‘हूक लावू नका’. अशी गोणी दोघांनी कान धरून उचलायची असते. गोणीचे कान म्हणजे तिचे चार कोपरे. पण दोन माणसं लावली की वेळ जातो. सुधाकरच्या टोळीला घाई होती. एक माणूस, एक हूक, खच्चकन टोक आत आणि गोणी झोळीत. दिवसाअखेर आमची टोळी सगळ्यांच्या पुढे.

मला काय कळत होतं? मला वाटायचं, वाहवा चाललीय ती माझी. सलग सहा वर्षं आमच्या टोळीचा पहिला नंबर आला. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत सगळ्यांच्या हातात हूक आहेत आणि मधोमध मी, चकचकीत. तो फोटो अजून ओटीवर आहे, अगदी माझ्या समोर.

शेजारी जॉयलची टोळी काम करायची. जॉयल गास गावचा, शांत माणूस. गोणीवर फुली असली की त्याचे लोक हूक कमरेला लावून ठेवत आणि कान धरत. आमची पोरं त्यांना ‘कानधरे’ म्हणून चिडवायची. त्यांचा नंबर कायम शेवटचा. पुढे माल कमी झाला आणि टोळ्या मोडायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांत आधी त्यांची मोडली. जॉयल जाताना सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुझा हूक लय तेज आहे बाबा.” आम्हाला ते कौतुक वाटलं.

हळूहळू डबे वाढले आणि गोण्या आटल्या. सुधाकरने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि मला घरी आणलं. तेव्हापासून मी ओटीवर. सुधाकरराव घडाच्या दांड्यात माझं टोक खुपसतात आणि टांगतात. दांड्यातून चीक गळतो, मग तो काळा पडतो आणि वरच्या फणीची केळी पिकायच्या आत सडतात. त्यांच्या पत्नी वसुंधराबाई दर वेळी ओरडतात, “अहो, खुपसू नका म्हटलं ना! गाठ मारून टांगा.” पण ऐकतील तर ते सुधाकरराव कसले!

त्यांची मुलगी क्षितिजा बंदरांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत आहे. गेल्या महिन्यात शनिवारी ती माहेरी आली ती लॅपटॉप घेऊनच. डब्यांत न जाणाऱ्या मालाला सुधाकररावांनी काम केलेल्या बंदरात पुढे किती दिवस आहेत, याचा अहवाल तिला सोमवारी द्यायचा होता. रविवारी जेवणं झाल्यावर तिने तो वडिलांना वाचून दाखवला. लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्यांना मागणी राहील, मोटारी वाढतील, मोठी यंत्रं डब्यांत मावतच नाहीत म्हणून तीही येतील. सुधाकरराव खुशीत मान डोलवत होते. मग ती म्हणाली, “गोण्यांचा माल मात्र बंद करावा. गोण्या साठवायच्या दोन्ही शेड पाडाव्यात.”

“बंद?” सुधाकरराव उठून बसले. “अगं, दोनशे माणसं आहेत अजून त्या कामावर!”

“माहितीय बाबा. मला काय आनंद होतोय का? पण शंभरात सहा गोण्या फाटतात. पंचवीस वर्षांचे कागद आहेत माझ्याकडे. कारणाच्या रकान्यात जिथे तिथे एकच, ‘गोणी कच्ची’. साखरवाले कंटाळून डब्यांकडे गेले. जो माल धड उचलताच येत नाही, त्याला उद्या कोण विचारणार?”

सुधाकररावांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. वसुंधराबाईंनी सुपारी विचारली तरी ऐकू गेलं नाही. मला तर वाटलं, आता हा घड माझ्यासकट खाली येतो.

“कागद दाखव,” ते म्हणाले.

तिने पडद्यावर फाटलेल्या गोण्यांच्या नोंदीची एक जुनी चिठ्ठी उघडली. सुधाकररावांनी चष्मा लावला, पडदा जवळ ओढला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

“क्षिती, हे अक्षर माझं आहे.”

“काय?”

“टोळीत लिहिता येणारा मी एकटा. चिठ्ठ्या मीच भरायचो. गोणी कच्ची नव्हती गं. गोणी आम्ही फाडली.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्याने. फुली बघायची नाही, टोक खुपसायचं आणि वर लिहायचं, गोणी कच्ची.”

मित्रांनो, मला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता.

क्षितिजा संतापली. “आणि तो फोटो? तो पहिला नंबर? लहानपणापासून शाळेत सांगत आले मी सगळ्यांना!”

“तो नंबर ह्या खुपसण्याचाच,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “कान धरून उचललेली गोणी फाटत नाही. जॉयलच्या टोळीची एक फाटली नाही कधी. त्याची टोळी आमच्या नंबरापायी मोडली.”

क्षितिजा काहीतरी बोलणार होती, ती थांबली. भराभर पडद्यावरचे कागद चाळू लागली. “थांबा. एका टोळीचे कागद मी बाजूला काढले होते. सारखं शून्य, सारखं शून्य. मला वाटलं, नोंदच अर्धवट आहे.” तिने चिठ्ठी उघडली. खाली जॉयलची सही होती.

क्षितिजाने अहवाल पुन्हा उघडला. मग ती म्हणाली, “बाबा, हे मी अहवालात लिहिलं तर कोणाचं अक्षर आहे हेही सांगावं लागेल.”

“लिही,” सुधाकरराव म्हणाले. “नाव घालून लिही. जॉयलचंही घाल.”

संध्याकाळपर्यंत ती लिहीत होती. हल्ली टनाटनाच्या थोरल्या पिशव्या आल्यात म्हणे, त्यांचे कान मुद्दाम मोठे शिवतात आणि क्रेनचा हूक नुसता कानांत अडकवतात. गोणी कच्ची नाही, धरायची पद्धत कच्ची होती, असं तिने लिहिलं आणि शेड ठेवाव्यात अशी शिफारस केली. शेड राहतील की जातील, ते अजून ठरलेलं नाही. मोठ्या लोकांच्या बैठका संपता संपत नाहीत. पण कागदावर आता खरं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं एवढंच ऐका. कुठलीही वस्तू उचलण्याआधी तिचे कान कुठे आहेत ते बघा. घाईत टोचलेलं भोक दुसऱ्याच्या नावावर लिहू नका. आणि कोणी शाबासकी दिली तर जरा शेजारच्याकडेही बघा.

गेल्या आठवड्यात वाडीतून नवा घड आला. सुधाकररावांनी सवयीने मला हातात घेतलं, टोक दांड्याला लावलं आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, भिजवलं, दांड्याला घट्ट गुंडाळून वर एक फास केला आणि तो हलकेच माझ्यात अडकवला. चार दिवसांनी घड पिवळाधमक पिकला, वरची फणीसुद्धा. तीच फणी कापून त्यांनी सायकलला लावली.

“कुठे निघालात?” वसुंधराबाईंनी विचारलं.

“गासला,” ते म्हणाले. “जॉयलकडे.”

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाला न टोचता ओझं पेललं होतं.