गोडनिंबाच्या जागेवरची कुंती

मित्रांनो, गेल्या रविवारी माझी खरी ओळख पटली. आता ही बातमी विसरा, कारण ती पटलीच नाही असं आमच्या घरात ठरलं आहे.

मी एक जुनी, म्हणजे पाच वर्षांची, कुंती आहे, फुलझाड. यवतमाळजवळ लोहाऱ्यात सदाशिवराव आणि शकुबाई यांच्या अंगणात उभी असते. दुसरं काही करता येत नाही म्हणून उभी असते. सगळे मला गोडनिंब म्हणतात. तुमच्याकडे त्याला कढीपत्ता म्हणत असतील. तो माझा चुलतभाऊ. तो फोडणीत जातो, मी कुठेच जात नाही.

इथे मी आले ती शकुबाईंच्या नाकामुळे. करोनाच्या तापातून उठल्यावर त्या रोपं विकणाऱ्या बाबूसिंगकडे गेल्या. पान चुरगाळून वास घ्या आणि निवडा, असं तो म्हणाला. त्यांनी माझं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हाच गोडनिंब." वास त्यांना कसलाच आला नव्हता. पण चारचौघांत तसं सांगायचं कसं?

अंगणातली काळी माती पाणी धरून ठेवणारी. सदाशिवरावांनी तीत मुरूम मिसळला आणि मला सकाळच्या उन्हाची जागा दिली. मी वाढले. उन्हाळ्यात जिल्ह्यातले साग पानं टाकून मोकळे होतात, तेव्हाही मी हिरवीगार असते. याची दखल आजवर फक्त एका बकरीनं घेतली.

रोज सकाळी शकुबाई माझी डहाळी तोडून ओट्यावर ठेवतात. त्या तेलाकडे वळल्या की सदाशिवराव माझी पानं सदऱ्याच्या खिशात घालतात आणि बाजारातून आणलेला गोडनिंब तिथे ठेवतात. पाहुणे वरण भुरकतात, वासाची तारीफ करतात, शकुबाई खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवतात. दुसऱ्याच्या नावाचा सत्कार रोज घेणं हे फार एकटं काम आहे. हार तरी घालावा, तर तोही नाही.

रविवारी त्यांची नात सुरभी आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं माझी पानं मोजली. एका काडीवर पाच-सहाच, चकचकीत. गोडनिंबाची पंधरा-वीस असतात. एक चुरगाळून हुंगलं. मग माझी तांबडी फळं पाहिली. गोडनिंबाची पिकून काळी होतात.

"आबाजी, हा गोडनिंब नाहीच. ही कुंती आहे."

पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं नाव घेतलं. मी हलले. वारा नव्हता, पण कोणी बघितलं नाही.

सदाशिवरावांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज हलका केला. "मले माहीत आहे. तुह्या आजीले नको सांगू."

"काहून?"

"तिले वास येत नाही, हे तिनं मले सांगितलंच नाही. मग मले कसं माहीत राहीन?"

तेवढ्यात आतून शकुबाईंनी गोडनिंब मागितला. सुरभी माझी डहाळी तोडून घेऊन गेली.

मित्रांनो, तुम्हाला कुंतीचं तांबडं फळ मिळालं, तर गर धुऊन बी ताजंच पेरा. बुडाशी पाणी साचू देऊ नका. आणि झाड मोठं झालं की त्याला त्याच्याच नावानं ओळखा. संध्याकाळी माझी पांढरी फुलं उमलतात, वास रस्त्यापर्यंत जातो. तेव्हा शकुबाई खुर्ची टाकून अगदी माझ्याजवळ बसतात. मी पानं लोंबेपर्यंत जीव तोडून दरवळते. त्या म्हणतात, पाणी कमी पडलं वाटते याले.

प्रति, जो कोणी संबंधित अधिकारी असेल तो.

विषय: नाक पूर्ववत सुरू करणेबाबत.

महोदय, श्रीमती शकुबाई यांचे नाक एका संध्याकाळपुरते सुरू करण्यात यावे, ही नम्र विनंती. फुले अर्जदार स्वतः पुरवील. त्यानंतर अर्जदार गोडनिंब नसल्याचे उघडकीस येऊन तिला मुळासकट काढण्यात आल्यास तिची कोणतीही हरकत राहणार नाही.