युस्टिनाने न लिहिलेलं पत्र

बस रे पोरा, बस. बूट काढ, पाय त्या गोधडीवर घे. आजोबांचं घर बघायला तू जर्मनीहून एवढ्या लांब आलास, आणि बघितलंस काय, तर कोंबड्यांचं खुराडं! म्हणून तुला एक गोष्ट सांगतो, रिकाम्या हातानं कशाला जायचं. चहा घे. गोष्ट एका पत्राची आहे. ज्या बाईच्या नावानं ते छापून आलं, तिनं ते लिहिलंच नव्हतं. शेवटपर्यंत ऐक मात्र, मध्येच उठू नकोस. शेवटी तुझ्याकडे काम आहे.

तर तेव्हा आम्हा किर्गीझांवरही सोविएतचं राज्य. देव नाही, हे शाळेत शिकवायचे, दोन आणि दोन चार शिकवावं तसं. कुणाचं काही अडतही नव्हतं त्यावाचून. आमच्या सामूहिक शेतावर गोठ्यात सोळा बायका दूध काढायच्या, त्यातली एक युस्टिना वीबे. तुमच्यातलीच, जर्मन. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी, एल्मा. युस्टिनाच्या हाताखाली गाय कशी सोडायची दूध! चेअरमन सुयुनबाय म्हणायचा, "ही बाई दगडालाही पान्हा फोडेल." पण ऑफिसाबाहेरच्या मानाच्या फळ्यावर तिचा फोटो तेरा वर्षांत एकदाही लागला नाही. कारण काय, तर ती विश्वासणारी. बाप्तिस्मा घेतलेली.

आणि लपवायची नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये ताट समोर आलं की उभी राहायची, हात जुळवायची, डोळे मिटायची. दहा मोजेपर्यंत, बास. मग बसायची आणि सगळ्यांसारखी फुरके मारत खायची.

माझी बायको बुरुल तिच्याच शेजारी बसायची. ती म्हणायची, "अगं युस्टा, बोलतेच आहेस तर सांग ना त्याला, शोरव्यात एखादा मांसाचा तुकडा पडू दे."

"सांगितलंय. तोही रांगेतच उभा आहे म्हणाला."

सगळं कॅन्टीन हसायचं. वाढणारी बाई डाव आपटायची. असं चाललेलं होतं.

मग त्या वर्षी मे महिन्यात जिल्ह्याच्या पेपरात पत्र आलं. 'मी देवाला का सोडलं.' खाली नाव, यु. वीबे, दूधवाली, आणि सहीसुद्धा जशीच्या तशी छापलेली. बुरुलनंच तो पेपर कॅन्टीनमध्ये आणला, आणि टेबलावर असा टाकला, जणू मेलेला उंदीर.

"हे काय गं? मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

युस्टिना वाचायला लागली. वाचता वाचता हसायलाच लागली. पत्रात लिहिलेलं, की मी लहानपणापासून कोपऱ्यातल्या संतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून छातीवर क्रूस काढत आले. आता बघ, तुला तरी ठाऊक असेल, तुमच्या त्या प्रार्थनेच्या मंडळीत तसबीर नाही, मेणबत्ती नाही, क्रूस काढणं नाही. ते सगळं रशियन लोकांच्या देवळातलं. तिच्या घरात भिंतीवर एकच चित्र, ट्रॅक्टर कारखान्याचं कॅलेंडर.

"कुणा गाढवानं लिहिलंय," ती म्हणाली. "ह्याला धड शिव्यासुद्धा देता येत नाहीत आम्हाला."

आणि मग तिचं हसू थांबलं. बुरुल सांगते, चेहऱ्यावरून रक्त उतरताना तिनं असं कधी बघितलं नव्हतं.

पुढं लिहिलं होतं: बाप्तिस्मा दिला तेव्हा, ऐन मार्चमध्ये, मला चू नदीच्या बर्फाळ पाण्यात बुडवलं. काठावर काढून ठेवलेल्या माझ्या बुटांपैकी एक वाहून गेला. घरापर्यंत सहा किलोमीटर मी एकाच बुटात चालले, दर शंभर पावलांनी तो या पायातून त्या पायात घालत. तेव्हाच मला कळलं, की देव नाही.

बूट खरा होता. शंभर पावलं खरी होती. फक्त त्या दिवशी ती आणि तिचा नवरा सगळा रस्ता हसत आले होते, दोघं मिळून पावलं मोजत, आणि तिला वाटत होतं की एवढी श्रीमंत बाई अख्ख्या खोऱ्यात नाही. ही पावलांची गोष्ट जगात तीन माणसांना माहीत. एक ती. दुसरा तिचा नवरा, तो आठ वर्षं मातीखाली. आणि तिसरी एल्मा, जिला लहानपणी ताप आला की तीच गोष्ट हवी असायची. 'आई, बुटाची सांग.'

त्या दिवशी युस्टिनानं जेवण टाकलं आणि घर गाठलं.

एल्मा शेवया कापत होती. सतरा वर्षांची पोर, वर्गात पहिली, डॉक्टर व्हायचं म्हणून पिसाटलेली. आईच्या हातातला पेपर बघितला आणि सुरी खाली ठेवली.

"देव नाही म्हणून भाषणं देत फिरतो तो लेक्चरर आला होता शाळेत," ती म्हणाली. "तो चष्मेवाला, रोदिओनोव. म्हणाला, तुझ्या शिफारसपत्रात लिहावं लागेल, घर धर्मवेडं आहे. मग कुठली मेडिकल इन्स्टिट्यूट? फक्त आई सुधारली तर... पत्र त्यानंच लिहिलं."

"आणि सही?"

"दुधाच्या तक्त्यावर तुझी सही मीच करते ना, तुझी बोटं आखडल्यापासून."

युस्टिनानं आपल्या बोटांकडे बघितलं.

"बुटाची गोष्ट कशाला दिलीस? दुसरं काहीही द्यायचंस."

"त्याला काहीतरी खरं हवं होतं. त्याच्याशिवाय खोटं पटत नाही म्हणाला."

"हे तो म्हणाला?"

"आई, तूच म्हणतेस ना, तुझा देव तुला कधी सोडणार नाही? मग एका पत्रानं काय होतंय त्याला! मला इन्स्टिट्यूट एकदाच मिळणार आहे."

थप्पड मारली असती तर बरं झालं असतं, दोघींनाही. युस्टिनानं सुरी उचलली आणि राहिलेल्या शेवया कापल्या.

रविवारी सकाळी ती मंडळीत गेली. अब्राम फ्रीझनच्या घरी भरायची मंडळी, मागच्या मोठ्या खोलीत, अठ्ठावीस माणसं. अब्राम मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, पाच वर्षं तुरुंगात काढून आलेला, वाकलेला पण आवाज दांडगा. त्यानं ते पत्र अख्खं वाचून दाखवलं. तसबिरीपाशी आला तेव्हा मागून म्हातारी आगानेथा म्हणाली, "युस्टा आणि तसबीर? ती बोकड उभा करील एक वेळ कोपऱ्यात!" दोन-चार जण फिसकन हसले. युस्टिनाच्या जिवात जीव आला. आपली माणसं ओळखणारच की.

"बहीण युस्टिना," अब्राम म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"नाही."

"मग पेपराला तसं लिहून दे. हे माझं नाही, सही माझी नाही. आम्ही सगळे खाली नावं घालतो."

"लिहून दिलं तर विचारतील, सही कुणाची."

"विचारू देत. कुणाची आहे?"

तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"तुला माहीत आहे?"

"आहे."

"मग सांग."

खोटं तिला बोलता येईना, आणि खरं बोललं तर पोरीचं आयुष्य मोडतंय. खोट्या सहीबद्दल पोरीला शाळेतूनच काढलं असतं. ती उभी राहिली खुर्चीची पाठ धरून. अब्रामनं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "ज्याचं पाप तू झाकतेस त्याचं ओझं तुझ्यावर. नाव सांगशील तेव्हा प्रभूच्या मेजावर ये, भाकरी आणि प्याला घ्यायला."

भाकरीचं ताट फिरलं. आगानेथानं, जी आत्ताच हसली होती, ते ताट युस्टिनाच्या मांडीवरून पलीकडे दिलं. तिच्याकडे न बघता. प्यालाही तसाच.

नंतर अंगणात अब्राम तिच्या मागं आला. हळूच म्हणाला, "तू नाही लिहिलंस, मला कळतंय. त्या दिवशी नदीवर मीच तुला बुडवलं, मी काय ओळखत नाही तुला?"

"मग?"

"लोक घाबरलेत. आतली गोष्ट बाहेर गेली कशी, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय. एक माणूस बाहेर ठेवलं की बाकीचे सत्तावीस जण एकमेकांकडे बघायचे थांबतील."

"आणि ते माणूस मी."

"तुला झेपेल, बहीण."

बुरुल सांगते, लेकीचं तिला लागलं ते पोर म्हणून लागलं. पण हे शेवटचं वाक्य तिला हाडात लागलं.

इकडे शेतावर तिचं कोडकौतुक सुरू! सुयुनबायनं फळ्यावर तिचा फोटो लावला, आजूबाजूला लाल कागदाची झालर. लोक हात हातात घेऊन म्हणायचे, शाब्बास, माणसांत आलीस. ती म्हणायची, "मी काही लिहिलं नाही." लोक डोळा मारायचे. बाई लाजते म्हणायचे.

कॅन्टीनमध्ये ती येईनाशी झाली. गोठ्यामागं गवताच्या गंजीपाशी उभी राहून खायची.

मग जूनमध्ये रोदिओनोव आला फोटोग्राफर घेऊन. पेपरात फोटो छापायचा होता, युस्टिना वीबे सगळ्यांबरोबर जेवताना, प्रार्थनेशिवाय. एल्मालाही बोलावून घेतलेलं, पांढरा ब्लाऊज घालून. शिफारसपत्र रोदिओनोवच्या बॅगेत, फक्त त्याची सही बाकी. "आधी जेवण, मग सही," तो हसत म्हणाला. दातांत सोनं होतं त्याच्या.

सगळं कॅन्टीन माना वळवून बसलं. त्या दिवशी शोरव्यात मांस होतं, हेही सांगतो. युस्टिनाला मधोमध बसवलं. पुढ्यात वाडगा, पावाचा तुकडा. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"हं, युस्टिनाबाई, चमचा उचला."

तिनं एल्माकडे बघितलं. पोरीनं दोन्ही हातांनी ब्लाऊजची कड मुठीत धरलेली, आणि ओठ हलत होते. बुरुलला वाटलं, ही पोर प्रार्थना करतेय की काय! आईनं उभं राहू नये म्हणून, आईच्याच देवाकडे.

युस्टिना उभी राहिली नाही.

पण चमचाही उचलला नाही. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. आभार मानल्याशिवाय ती आयुष्यात कधी जेवली नव्हती, आणि आज आभार मानता येत नव्हते. वाडग्यातली वाफ कमी होत गेली. वरती चरबीचा थर धरला.

"खा ना," रोदिओनोव म्हणाला. आता हसत नव्हता.

"भूक नाही."

"एक घास!"

तेव्हा माझी बुरुल ओरडली, "साहेब, बळजबरी नका करू! मांसाची सवय नाही आमच्या पोटांना, तुम्ही आलात म्हणून पडलंय आज! परत कधी येताय तेवढं सांगा, म्हणजे भूक राखून ठेवू!"

हशा पिकला. फोटोग्राफरनं त्या गोंधळात बटण दाबलं. फोटो आला पेपरात, युस्टिना ताटापुढे बसलेली, मान खाली. खाली छापलं: आता ती सर्वांबरोबर जेवते. रोदिओनोवनं चडफडत सही केली. एल्मा इन्स्टिट्यूटला गेली, डॉक्टर झाली. पुढे राज्य बुडालं, तुमची माणसं एकेक करत जर्मनीला गेली, तसं तीही गेली.

युस्टिना नाही गेली. एल्मानं कागद पाठवले, तिकीट पाठवलं. ही म्हणाली, "नाव इथं गेलंय. इथंच परत आलं पाहिजे."

आता ऐंशी उलटलीय. अजून दर रविवारी जाते मंडळीत, मागच्या बाकावर बसते. अब्राम कधीच वारला. आता वडील कोण आहे माहीत आहे? आमच्या सुयुनबायचा पुतण्या, झानिबेक! आमच्यातला किर्गीझ पोरगा, गुणी आहे. तो तिला म्हणाला, "आजी, जुनं झालं ते, विसरलो आम्ही. ये मेजावर."

ती म्हणाली, "विसरलात म्हणून नको. मी लिहिलं नाही म्हणून द्या."

ताट अजून तिच्या मांडीवरून जातं.

एल्मा दरवर्षी पार्सल पाठवते. कॉफी, औषधं, आणि दर हिवाळ्यात उबदार बुटांचा जोड. कॉफी ती पिते. बूट बुरुलला देते. आमच्याकडे नऊ जोड झालेत, हवा तर एक घेऊन जा.

तू म्हणशील, तुला कसं कळलं म्हाताऱ्या, ती तर नाव सांगत नाही? एकदा एक गाय अडली होती, दोघी गोठ्यात तास न् तास बसल्या होत्या, तेव्हा ती बुरुलला सगळं बोलली. आणि बुरुलकडून शपथ घेतली. बुरुलनं मला सांगितलं. माझ्याकडून कुणी शपथ घेतली नव्हती.

पण मी जाऊन मंडळीत सांगून काय उपयोग? मी ना त्यांच्यातला, ना तिच्या रक्ताचा. आणि तिनं स्वतः लेकीचं नाव घेतलं तर ती चुगली झाली. लेकीनं आपलं नाव आपण घेतलं, तर ती कबुली. एवढं मला चार बुकं न शिकताही कळतं.

तू शिकलेला आहेस. परवा तिकडेच चाललायस. हा बघ पार्सलावरचा पत्ता, मी कापून ठेवलाय, बुरुलला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंच्या दारात जा. भांडू नकोस, तीही आता आजी झाली असेल. फक्त समोर कागद ठेव आणि तिच्या स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून घे. पत्र आईचं नाही, गोष्ट मी दिली, सही मी केली. बाकी काही नको. तो कागद झानिबेकच्या नावानं पाठव, तो वाचून दाखवील.

बूट पाठवू नकोस म्हणावं. पाठवशील ना रे तो कागद? लवकर पाठव, बाबा.