हात लावू नका काका

"दार उघडू नकोस," तो आतून म्हणाला. बायकोने नुसता कडीला हात लावला होता, तेवढ्यानेही त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

खोलीतला पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं होतं. धागा रंगावर पडतो म्हणून बनियनही त्याने काढून ठेवला होता. उघड्या अंगाने, घामाघूम होऊन तो हातभर लांबीच्या लाल विमानासमोर उभा होता. हातात रंग फवारायचा एअरब्रश होता.

गोदामात कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस, पण घर सगळं स्वतः बनवलेल्या चिमुकल्या विमानांनी भरलेलं. कपाटाजवळ कोणी फिरकलं तरी हा आतून ओरडायचा. पुतणीने लहानपणीच त्याचं 'हात लावू नका काका' असं नाव ठेवलं होतं आणि मग सगळं घर त्याला तेच म्हणू लागलं. त्याला ते झोंबायचं, पण तोंडातलं वाक्य काही सुटलं नाही.

आजचं विमान दादाचं होतं. थोरला भाऊ पिकांवर औषध फवारणारं असंच लाल विमान वर्षानुवर्षं चालवत आला होता. आता त्याची नजर जात चालली होती. आधी रंग गेले, मग चेहरे गेले. उरला होता नुसता उजेड, आणि तोही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याची मुलगी, म्हणजे तीच पुतणी, आज त्याला कायमचं आपल्याकडे नेणार होती. जाताना ते इथे थांबणार होते.

दादाला विमान दिसणार नव्हतंच. पण पंख आरशासारखा गुळगुळीत झाला, तर खिडकीचा उजेड त्यावर एका सरळ रेघेत चमकला असता. तेवढी रेघ त्याला दिसली असती. ती दाखवायची, एवढंच याने मनाशी धरलं होतं.

खरं तर काम कालच संपायचं होतं. पण घाई नडली. खालचा थर पुरता वाळायच्या आत याने वरचा मारला आणि सगळा पंख सुरकुतला. इतकी वर्षं दुसऱ्यांना जी चूक करू नका म्हणून सांगितलं, नेमकी तीच. सकाळपासून घासून घासून बोटं सोलवटली होती.

शेवटचा हात ओलाच मारावा लागतो. कमी पडला तर पंख संत्र्याच्या सालीसारखा होतो, जास्त झाला तर रंग ओघळतो, आणि मध्येच थांबायची सोय नसते. त्याने श्वास रोखला आणि पंखाच्या टोकापासून सुरुवात केली.

अर्ध्यात आला असेल, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर बायको कोणाशी तरी बोलत होती, मग दादाची काठी वाजली. ठरल्यापेक्षा बरेच लवकर आले होते. तरी त्याचा हात चुकला नाही. पंख संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

सदरा चढवून, खिडकीचा पडदा सारून त्याने दार उघडलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून दादा आत आला, खुर्चीत बसला, आणि याने सांगितलेली पंखावरची उजेडाची रेघ मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून शोधत राहिला. 

"दिसली," दादा म्हणाला. "सरळ आहे रे. कुठेच तुटत नाही."

 आता पाहुण्यांना बाहेर न्यावं, चहा द्यावा, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटलं. पण दादाचा हात पुढे आला होता. उड्डाणाआधी दादा नेहमी पंखाच्या पुढच्या कडेवरून टोकापासून तळवा फिरवत यायचा, त्याशिवाय विमानात चढायचा नाही. तो हात मध्येच थबकला.

"लावू का रे? का ओरडशील?"

"विचारताय कोणाला, बाबा?" पुतणी हसली. "हात लावू नका काका आहेत ते."

दारात उभ्या बायकोला रंगाचा वास आला होता. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि नवऱ्याकडे बघून मिटलं. उद्या वाळेल, असं सांगता आलं असतं. पण उद्या दादा इथे नव्हता.

"लाव, दादा," तो म्हणाला.

तळवा पंखाच्या टोकावर टेकला आणि सरकू लागला. जरा पुढे जाऊन मंदावला. बोटांना रंग चिकटत होता, दादाला ते कळलं होतं. तरी त्याने हात उचलला नाही, पार धडापर्यंत नेला.

"ओलं आहे की, धाकट्या."

"असू दे."

"मग सांगायचं नाही का?"

 फडक्यावर थिनर घेऊन तो दादाची बोटं एकेक करून पुसत राहिला, नखांच्या कडांतलाही रंग काढला. दादाने ती पुसू दिली. मग उठताना, पूर्वी मेकॅनिकला सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "ठीक आहे. जायला हरकत नाही."

गाडी वळणाआड गेली तरी तो फाटकात उभाच होता. आत आल्यावर बायकोने हलकेच विचारलं, "उद्या घासून परत मारणार ना?"

तो पंखाकडे बघत होता. उजेडाची रेघ चार बोटांच्या ओरखड्यांमध्ये विस्कटून गेली होती.

"नाही," तो म्हणाला, आणि धूळ बसू नये म्हणून त्याने विमानावर अलगद खोकं पालथं घातलं.