चोवीस कुंड्यांतलं लव्हेंडर

डोणगावच्या मंजुळाबाई आणि दयाराम यांची एकुलती लेक सुचिता कृषी महाविद्यालयात शिकत होती. घरच्या मळ्यातली वांगी तीन वर्षं पिवळी पडून वाळत होती. झाड उपटलं की मुळांवर गाठीच गाठी. मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींनी केलेल्या. वांग्यांऐवजी सुगंधी तेलाचं लव्हेंडर लावायचं तर त्याची कोणती जात या किडीपुढे टिकते, हाच विषय सुचितानं अभ्यासाला घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तिनं वांग्याखालची माती चोवीस कुंड्यांत भरली आणि तीन जातींची रोपं लावली, प्रत्येकी आठ.

"माय, साठ दिवस पाणी घाल फक्त. बाकी मी पाह्यतो," असं म्हणून ती होस्टेलवर गेली. बाराव्या दिवशी तिला डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत ती गेली.

तेरावं झाल्यावर मंजुळाबाईंना कुंड्या आठवल्या. परसात रोपं माना टाकून उभी होती. त्यांनी पाणी घातलं. मग रोज सकाळी त्या तिथेच बसू लागल्या. दयाराम तिकडे फिरकत नसत.

जानेवारीत सुचिताच्या सरांचा फोन आला. साठ दिवस भरले होते. झाडं उपटून मुळांवरच्या गाठी मोजायला हव्यात, असं ते अवघडत म्हणाले.

मुळं पाहायची तर झाड उपटावं लागेल, हे मंजुळाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"एकबी नाही उपटू देनार," त्या दयारामांना म्हणाल्या. "तिच्या हातचं आता हेच तं राह्यलं."

"राहू दे मंग. मी सांगतो सरांले."

तीन दिवस त्यांनी रोजच्यासारखं पाणी घातलं. चौथ्या सकाळी स्वतःच बादली भरून आल्या.

"तिनं कधी काही अर्धं ठेवलं का? चाला, तुम्ही उपटा. मुळं मी धुईन."

पहिल्या दोन जातींची मुळं वांग्यासारखीच गाठाळलेली निघाली. तिसरीचं पहिलं झाड धुतलं आणि मंजुळाबाई थांबल्या. पांढरी, सुतासारखी मुळं. दुसरं झाडही तसंच. आठही तशीच.

दयारामांनी एक मूळ उन्हात धरून उलटंपालटं केलं. चेहरा उजळला. घराकडे वळून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सुचे, पाह्य वं! एकबी गाठ—"

 ते चिखलातच बसले आणि पहिल्यांदा रडले. मंजुळाबाई ओल्या हातांनी त्यांची पाठ चोळत राहिल्या.

दुपारी सर आले. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळताना म्हणाले, "माय, पुढच्या हंगामात हीच जात शेतात लावून पाहू. शोधनिबंधावर पहिलं नाव सुचिताचंच राहील."

"टाका नाव," मंजुळाबाई म्हणाल्या. मग विचारलं, "सर, हिचं फूल कसं असते? एकबी फुललं नोतं."

सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला. जांभळ्या तुऱ्यांच्या लांबच लांब ओळी. मंजुळाबाईंनी डोळ्यांजवळ नेऊन तो बराच वेळ पाहिला.

"हे तिनं पाह्यलं होतं का हो?"