भाऊंच्या डोळ्यातलं पाणी

"अव्वाचा फोटो जरा बारीक कर, गुरुलिंग," माझ्या खुर्चीमागे उभे राहून गावातले पुढारी शिवप्रसादभाऊ म्हणाले. "माझा खांदा झाकून राहिला."

अव्वा म्हणजे माझी आई, शिवम्मा. सकाळी तिला माती देऊन आलो होतो आणि दुपारी दुकान उघडून तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला बसलो होतो. देगलूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. गेली अठरा वर्षं या गावात जो जन्मला, निवडून आला, दहावी पास झाला किंवा मेला, तो माझ्या हाताखालून गेला आहे.

लातूरला कोर्स केला तेव्हा आमचे सर सांगायचे, डिझायनरने प्रेरणा शोधायला झाडं बघावीत, माणसांत फिरावं, मन मोकळं ठेवावं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. देगलूरला प्रेरणा फोनवर येते आणि म्हणते, दहा बाय आठ, संध्याकाळी पाहिजे. मग मी जुनी फाईल उघडतो, वाढदिवसाचा केक काढतो आणि तिथे समई ठेवतो. झालं डिझाईन.

अव्वाला मात्र या कामाचं भारी कौतुक. चौकातून जाताना मान वर करून एकेक फ्लेक्स बघायची. एकदा म्हणाली, "साऱ्या गावाची तोंडं टांगतोस, माझं कवा टांगणार?"

"तुझा वाढदिवस कुणाला ठाव हाय, अव्वा?" मी म्हणालो. ती हसली, मीही हसलो.

ते हसणं आता मला टोचत होतं. म्हणून मनाशी धरलं होतं, की हा फ्लेक्स फक्त तिचा. पाच फूट उंच तिचा चेहरा, कपाळावर विभूती, खाली नाव. एवढं एकच तिच्यासाठी करायचं राहिलं होतं.

पण फ्लेक्स भाऊंनी जाहीर केला होता. ते नगरपालिकेला उभे राहणार होते. खड्ड्यात माती पडत होती तेव्हाच ते चारचौघांत म्हणाले, "फ्लेक्स आपल्याकडून. मेन चौकात." माझं निम्मं दुकान भाऊंच्या कामावर चालतं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

अव्वा पाच फुटांवरून तीन फुटांवर आली. मग वर सात साहेबांची रांग लागली, मधोमध भाऊ उभे राहिले. अव्वा परातीएवढी झाली, मग ताटलीएवढी, आणि शेवटी खालच्या कोपऱ्यातल्या एका गोलात जाऊन बसली.

"आता बरं दिसून राहिलं," भाऊ म्हणाले. "पण मी हसून राहिलोय की. मौतीच्या फ्लेक्सवर हसरं तोंड चालत न्हाई. जरा दुखी कर मला. डोळ्यात पानी आण. चारला येतो."

भाऊंचा एकही फोटो हसल्याशिवायचा नव्हता. मी ओठ खाली ओढले, तर पोटात कळ आल्यासारखे दिसायला लागले. डोळ्यांत थेंब काढले, ते डिंकाचे वाटले. अर्धा तास झटत होतो, तेवढ्यात माझी बायको सिंधु डबा घेऊन आली. तिने स्क्रीनवर अव्वाला शोधलं. सापडायला वेळ लागला.

"एवढीशीच?" तिने विचारलं.

तेव्हा मला रडू आलं. अव्वा गेल्यापासून पहिल्यांदा. सिंधुने पाठीवर हात ठेवला. समोर पासपोर्ट फोटो काढायला येणाऱ्यांसाठी लावलेला आरसा होता, त्यात माझे डोळे दिसले. कडा लाल, खालची पापणी भरलेली, पाणी अजून सुटलेलं नाही. माझ्या मनात आलं, अस्सं पाहिजे.

मी मोबाईल सिंधुच्या हातात दिला. "काढ. नुसत्या डोळ्यांचा. जवळून."

"येड लागलं का तुमाला?"

"काढ म्हणतो ना. सांडायच्या आत काढ."

तिने सहा फोटो काढले. तिसरा चांगला आला. मी माझे डोळे कापून भाऊंच्या चेहऱ्यावर बसवले, कातडीचा रंग जुळवला, कडा मिटवल्या. तासभर मला कुणाचीच आठवण आली नाही, अव्वाचीही नाही. सर ज्याला प्रेरणा म्हणायचे ती हीच असावी. इतकं उत्तम काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते जमल्याचा मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. रडू मात्र तिथेच थांबलं, ते परत आलं नाही. सिंधु डबा ठेवून कधी गेली, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात लोक थांबून थांबून बघत होते. "भाऊ लई रडला बघा म्हातारीसाठी," चहावाला मला कप देता देता शेजारच्याला म्हणाला. "आन् पोटच्या लेकाच्या डोळ्यात टिपूस न्हाई." त्याने आवाज खाली आणायचीही तसदी घेतली नाही. मी चहा पिऊन दुकानात आलो.

आठवडाभराने ग्यानोबा नावाचा एक शेतकरी आला. त्याची आई रुक्मिणबाई आदल्या दिवशी गेली होती. रुमालात गुंडाळलेला फोटो त्याने टेबलावर ठेवला.

"तुमच्या मायचा केलाव तसाच करा," तो म्हणाला. "भाऊनं सांगितलंय, त्यांचा फोटो तोच ठेवा म्हणून. पान्याचा."

मी फाईल उघडली. गोलातून अव्वाला काढलं आणि रुक्मिणबाईला आत ठेवलं. बरोबर बसली. ग्यानोबा स्क्रीनजवळ वाकून तिला बराच वेळ बघत राहिला.

"माय जरा मोठी व्हईल का?" त्याने दबकत विचारलं.

"न्हाई व्हत," मी म्हणालो. "भाऊचा खांदा झाकतो."

त्याने मान डोलावली, रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि फ्लेक्स न्यायला कधी येऊ, ते विचारलं.